जाळीतून चाटतायत म्हणून लगेच एकत्र सोडू नका

तुमची पोस्ट वाचली आणि चार वर्षांपूर्वीची मीच डोळ्यांपुढे आली. सशांची जोडी, तीन महिन्यांची मादी, दोन वर्षांचा नर, त्याला न्यूटर करून (म्हणजे अंडकोष काढण्याचं ऑपरेशन होऊन) तीन आठवडे झालेत, दोघं जाळीतून एकमेकांची नाकं चाटतात आणि तुम्ही विचारताय, ‘आता जाळी काढू का?’ कृपा करून काढू नका. उत्तर लांबणार आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

गवत, पाणी, पिंजऱ्याचं माप यात शिरत नाही, ते तुम्हाला ठाऊक असणारच. त्याआधी दोन गोष्टी चटकन सांगते. न्यूटर केलं की नर त्याच दिवसापासून निर्धोक होत नाही. नंतरही साधारण सहा आठवड्यांपर्यंत त्याच्यापासून पिल्लं होऊ शकतात, त्यामुळे तीन आठवडे पुरेसे नाहीत. तुमची मादी आता वयात यायच्या बेतात आहे, साडेतीन-चार महिन्यांतही गाभण राहिलेल्या असतात. दुसरं म्हणजे ती मादीच आहे ना, हे सशांची नीट माहिती असलेल्या डॉक्टरांकडून एकदा बघून घ्या. लहान पिल्लांत ओळख चुकणं अगदी सर्रास होतं.

आता मूळ मुद्दा. माझा बंड्या तेव्हा तीन वर्षांचा होता, न्यूटर होऊन वर्ष उलटलेलं. चिंगी आली ती अकरा आठवड्यांची. जाळीतून चाटाचाटी बघून मी चौथ्या दिवशी जाळी काढली. काहीच झालं नाही. चिंगी त्याच्या हनुवटीखाली डोकं खुपसून बसायची, तो तिचे कान चाटायचा, एकाच ट्रेमध्ये शेजारी बसून दोघं गवत चघळायची. सहा-सात आठवडे हे सुख चाललं. मला वाटलं, जोडी जमली.

ती जमलेली नव्हती. पिल्लू वयात आलेलं नसतं तोवर मोठा ससा त्याला सहसा पिल्लू म्हणूनच सांभाळून घेतो. हार्मोन्स सुरू झाले की तो करार संपतो. साडेचार महिन्यांची झाली आणि चिंगी बदलली. आधी तिच्या कोपऱ्यात हात घातला की ‘घुर्र’ करून पुढच्या पायांनी झडप. मग कोपऱ्याकोपऱ्यात लघवी. मग बंड्याभोवती गोल गोल फिरणं आणि त्याच्यावर चढणं (हो, माद्याही चढतात). आणि जमिनीवर केसांचे पुंजके. ते मी दोन दिवस झाडून टाकले, म्हटलं केस गळतायत. इथे माझं चुकलं. गळणारे केस सुटे असतात, कापसासारखे उडतात. चावून उपटलेल्यांचा पुंजका एका बाजूने जुळलेला असतो, बोटांत धरला तर अख्खा उचलला जातो. असा एक जरी दिसला तरी दोघांना त्याच क्षणी वेगळं करा.

तिसऱ्या संध्याकाळी दोघांचा एकच गोळा झाला आणि तो जमिनीवर गरगरत होता. मी हात घातला. माझ्या अंगठ्याला टाके पडले, बंड्याचा कान फाटला. पण त्याहून वाईट पुढे होतं. भेदरलेल्या बंड्याने खाणं सोडलं. सकाळी ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती, तो पाठ वर काढून डोळे अर्धवट मिटून बसलेला. सशाचं आतडं थांबणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं. दोन दिवस औषधं आणि सिरिंजने थोडं थोडं भरवणं, मग पहिली बारीकशी लेंडी पडली तेव्हा मी रडले. ससा दहा-बारा तास खात नसेल तर उद्यावर ढकलू नका.

हे सगळं टळलं असतं, आणि याचाच राग अजून जात नाही. चिंगी साडेतीन महिन्यांची असताना मी एका दवाखान्यात मुद्दाम विचारायला गेले होते की हिचं ऑपरेशन कधी करायचं. उत्तर मिळालं, ‘नराचं झालंय ना? मग पिल्लं होणार नाहीत. हिचं पोट उगाच कशाला उघडायचं?’ मी निश्चिंत होऊन घरी आले. प्रश्न फक्त पिल्लांचा नसतो हो! मादीचे हार्मोन्स तसेच राहतात, ती खोटी गाभण राहते, छातीचे केस उपटून घरटं करते, जागेसाठी भांडते. शिवाय स्पे, म्हणजे अंडाशय-गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन, न केलेल्या माद्यांमध्ये वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. यातलं एक अक्षर मला सांगितलं नाही. पुढे त्याच ठिकाणी ऑपरेशनची चौकशी केली तर म्हणाले, आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा. सशाला उलटी होतच नाही आणि त्याचं पोट रिकामं ठेवणंच धोक्याचं. मी दुसरीकडे गेले. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, फोनवर एवढंच विचारा, ‘ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं का?’ ‘हो, रात्रभर’ असं उत्तर आलं तर नम्रपणे फोन ठेवा.

चिंगीचं स्पे झाल्यावर मी आठ आठवडे थांबले. टाके दोनेक आठवड्यांत भरतात, पण हार्मोन्स उतरायला वेळ लागतो. तरीही जोडी पुन्हा जमायला साडेतीन महिने गेले, कारण चिंगी मागून आली की बंड्या दचकून पळायचा. माझं ठाम मत आहे की पहिली भांडणं झालीच नसती तर हेच काम दोन-तीन आठवड्यांत झालं असतं.

तुम्ही थांबाल तोवर एक काम आजच करा. एका जाळीऐवजी दोन लावा, मध्ये वीतभर अंतर ठेवा. आज जिथून नाक चाटतात तिथूनच उद्या ओठ चावतील. अंथरूण आणि ट्रे आलटूनपालटून बदला, वास ओळखीचा होऊ दे. पुढे एकत्र आणाल तेव्हा दोघांनीही आधी न पाहिलेली जागा निवडा आणि सुरुवातीला दहाच मिनिटं ठेवा. आडोसा दोन तोंडांचा हवा, एकाच तोंडाचा असला की कोंडी होते. मागून चढणं थोडा वेळ चालू द्या, पण तोंडाच्या बाजूने चढलं तर लगेच बाजूला करा, खालच्याचे दात थेट नाजूक जागी पोचतात. हात मात्र घालू नका, जाड उशी किंवा झाडू मध्ये सरकवा.

दोघांना एका टोपलीत घालून गाडीतून फिरवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. काही जाणत्यांचं त्याने जमलंही असेल, पण मला ते पटत नाही. भीतीने एकमेकांना चिकटणं वेगळं आणि आपणहून शेजारी येऊन आडवं पडणं वेगळं.

मी डॉक्टर नाही, दोनच सशांचा अनुभव आहे. स्पे न करताही जमलेल्या जोड्या असतात, स्वभाव ज्याचा त्याचा. मादीचं वजन किती आहे आणि नराचं ऑपरेशन नेमक्या कोणत्या तारखेला झालं, तेवढं लिहा. म्हणजे पुढचे आठवडे मोजून सांगते.