येऊरला दहा फोनांचं अ‍ॅड हॉक नेटवर्क (टॉवर-राउटरशिवाय, फोन ते फोन) उभारतोय, एओडीव्ही ही रस्ता शोधायची पद्धत वापरून. डेटाची पॅकेट पुढे न पाठवता गिळणारा नोड (नेटवर्कमधलं एक उपकरण) कसा रोखू?

रूट रिप्लायवर, म्हणजे ‘रस्ता सापडला’ या उत्तरावर, डिजिटल सही सक्तीची करा आणि प्रत्येक नोडला शेजाऱ्यावर पाळत ठेवायला लावा. एकाने भागत नाही. एओडीव्हीच्या २००३ च्या आरएफसी ३५६१ या तांत्रिक दस्तऐवजात सुरक्षेची सोयच नाही. कुणीही मोठा सीक्वेन्स नंबर (रस्ता किती ताजा ते सांगणारा आकडा) टाकून ‘सर्वात ताजा रस्ता माझ्याकडे’ म्हणतो, बाकीचे विश्वास ठेवतात, आणि पॅकेट जातात खड्ड्यात. एसएओडीव्हीत, म्हणजे एओडीव्हीच्या सुरक्षित रूपात, हा नंबर सहीने आणि हॉप काउंट (वाटेतल्या टप्प्यांची संख्या) हॅश साखळीने, म्हणजे उलटं न फिरवता येणाऱ्या गणिती साखळीने, बांधलेला असतो, त्यामुळे ही थाप पकडली जाते. पण ज्याच्याकडे सहीची खरी किल्ली आहे असा घरभेदी रस्ता नीट देऊन नंतर डेटा गाळतो, तिथे सही काय करणार? त्यासाठी वॉचडॉग, म्हणजे पाठवलेलं पॅकेट शेजाऱ्याने पुढे ढकललं का हे कान देऊन ऐकणं. ही कल्पना २००० सालची, स्टॅनफर्डची. (साधे फोन असं ऐकू देत नाहीत, रूट करावे लागतील, म्हणजे सिस्टमचा पूर्ण ताबा घ्यावा लागेल. रास्पबेरी पाय हे छोटे संगणक घ्या, डोकेदुखी कमी.) मात्र येऊरच्या झाडीत, चढउतारात सिग्नल तुटतो किंवा पॅकेट एकमेकांवर आपटतात, तेव्हा प्रामाणिक नोडवरही आळ येतो. म्हणून एका चुकीवर हाकलू नका. ठरावीक वेळेतलं गळतीचं प्रमाण मोजा आणि मर्यादा आधी तिथेच, हल्लेखोर नसताना, मोजून ठरवा.