नांदूर मध्यमेश्वरला पहिल्यांदा जाताय? एवढंच सांभाळा

नाशिक जिल्ह्यातल्या या पक्षी अभयारण्यात मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच जा. त्यानंतर उत्तरेकडून आलेली बदकं झपाट्याने परतू लागतात.

दुर्बीण ८×४२ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. नवखे हमखास जास्त शक्तीची घेतात. मग हात थरथरतो, चित्र हलतं आणि पक्षी सापडतच नाही.

सूर्योदयालाच पोहोचा आणि ऊन पाठीशी ठेवा. म्हणजे सकाळी पाण्याच्या पूर्वेला उभं राहायचं. ऊन समोरून आलं तर सगळी बदकं काळीच दिसतात आणि ओळख चुकते.

पहिल्या दिवशी हे पाच पक्के करा, पुरे झाले:
- वारकरी: काळा, कपाळ पांढरं
- जांभळी पाणकोंबडी: लाल चोच
- शेकाट्या: लांबच लांब गुलाबी पाय
- थापट्या: चमच्यासारखी चोच
- चक्रवाक: नारिंगी, सहसा जोडीने

तुतवार, म्हणजे काठावरच्या चिखलात फिरणारे छोटे पाणपक्षी, सध्या सोडून द्या. ते भल्याभल्यांना चकवतात.

आणि कृपा करून फोटोसाठी काठाकडे सरकू नका. बदकांनी खाणं थांबवून माना वर केल्या, की तिथेच थांबा, दोन पावलं मागे या. लांबच्या प्रवासासाठी ती आत्ता चरबी साठवत असतात. प्रत्येक उडवणं त्यातूनच वजा होतं.