सात महिने ‘ट्रेनी’, पण करार कुठे आहे?

प्रश्न: मी २१ वर्षांचा, आयटीआय टर्नर. नाशिकला सातपूर एमआयडीसीत सात महिन्यांपासून ट्रेनी आहे, हातात १४,००० येतात. कंपनीत ३५ जण आहेत. पीएफ-ईएसआय काही कापत नाहीत, दोन वर्षांनी पर्मनंट करू असं मालक म्हणतात. पाच महिन्यांपूर्वी ओळखीच्या काकांकडून महिना ३,००० ची, २० वर्षांची पॉलिसी घेतली. आता एका खासगी क्लासचा सीएनसीचा (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचा) ‘आंतरराष्ट्रीय डिप्लोमा’ करायचा आहे. फी १,२०,०००. कर्ज क्लासच करून देतो, ६,२५० चे २४ हप्ते. नंतर ३५,००० ची नोकरी नक्की, असं सांगतात. पॉलिसी मोडून कोर्स करू का?

उत्तर: पॉलिसी मोडा, पण कोर्स करू नका.

चोवीस हप्त्यांचे दीड लाख होतात. तीस हजार वर गेले, म्हणजे व्याज बावीस टक्क्यांच्या आसपास पडलं. हप्ता भरून हातात पावणेआठ हजार उरतील. क्लासच्या भिंतीवर आयएसओचं प्रमाणपत्र लावलेलं असेल. ते संस्थेच्या कारभाराला मिळतं, अभ्यासक्रमाला नाही. अभ्यासक्रमाला एनसीव्हीईटीची, म्हणजे व्यवसाय शिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेची, मान्यता आहे का, एवढंच विचारा. सरळ उत्तर आलं नाही तर उठून या. ३५,००० च्या नोकरीची ‘खात्री’ देणाऱ्याला ती करारात लिहून द्यायला सांगा. सीएनसी शिकायचंच असेल तर छत्रपती संभाजीनगरला सरकारची इंडो-जर्मन टूल रूम आहे, आधी तिथे चौकशी करा.

पॉलिसीत पंधरा हजार गेलेत. ते बहुधा बुडतील, तरी पुढचे हप्ते भरणं थांबवा. वीस वर्षांत सात लाख वीस हजार भरून परतावा पाच टक्क्यांच्या आसपास, आणि वार्षिक हप्त्याच्या दहापट धरला तरी विमा जेमतेम तीन लाख साठ हजारांचा. चौदा हजार कमावणाऱ्या मुलाच्या गळ्यात हे बांधणाऱ्या माणसाचा मला राग येतो.

पण तुमचं खरं नुकसान तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ‘पीएफ-ईएसआय काही कापत नाहीत’ या वाक्यात आहे.

कायद्याने तुम्ही दोहोंपैकी एक असायला हवं. एक तर कामगार. मग वीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात पीएफ लागतो आणि दहा किंवा जास्त असतील तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. नाहीतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिस) कायद्याखालचे शिकाऊ उमेदवार. मग पीएफ-ईएसआय नसतं, पण सरकारी पोर्टलवर नोंदवलेला करार असतो, शेवटी परीक्षा असते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. करार नसेल तर नुसतं ‘ट्रेनी’ म्हटल्याने काही होत नाही. तुम्ही लेथवर उभे राहता. उद्या बोट गेलं तर ईएसआयमध्ये उपचार आणि बरे होईपर्यंत पगाराच्या नव्वद टक्के मिळतात. नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारालाही भरपाई द्यायला मालक कायद्याने बांधील असतो. आज हक्क सांगायला तुमच्या हातात साधा कागद नाही. आणि असेच दोन वर्षांनी बाहेर पडलात, तर दाखवायला काय असेल?

शिकाऊ उमेदवारी पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र रेल्वेच्या टेक्निशियन भरतीत चालतं, पुढे आयटीआयमध्ये निदेशक व्हायचं असेल तर तिथेही चालतं. आयटीआय झालेल्या टर्नरला ते साधारण वर्षभरात मिळतं, आणि त्या वर्षात स्टायपेंडही सुरू असतं. क्लासवाला दीड लाख घेऊन यातलं काही देणार नाही. मागचे सात महिने मात्र धरले जाणार नाहीत, वर्ष कराराच्या तारखेपासून सुरू होतं.

मालकांशी भांडू नका, त्यांना त्यांचा हिशेब सांगा. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ३५ जणांवर किमान एक, जास्तीत जास्त पाच. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिना १,५०० पर्यंत, सरकार देतं. तुम्हाला कामगार म्हणून दाखवलं तर पीएफ-ईएसआयपोटी त्यांचे महिना दोन हजारांच्या वर जातील. काहीच दाखवलं नाही आणि तपासणी आली, तर मागचं सगळं व्याज-दंडासह भरावं लागेल. शिकवलेला पोरगा पळून जाईल ही भीती लहान कारखानदारांकडून मी नेहमी ऐकतो. न शिकवलेला पोरगा थांबला तर वाया जाणारा माल कोण मोजतो? वर्षभरानंतर चांगला टर्नर टिकवायचा असेल तर पगार द्यावा लागेल, आणि तो द्यावाच.

कायदा किमान स्टायपेंड ठरवतो, कमाल नाही. १४,००० तसेच ठेवा म्हणून सांगा. फार ताणलं आणि १०,००० वर आले, तरी हो म्हणा. वर्षाला ४८,००० कमी मिळतील, पण पॉलिसीचे ३६,००० सुटलेच आहेत.

मालक नाहीच म्हणाले तर तुमच्या आयटीआयमध्ये बीटीआरआयची (शिकाऊ उमेदवारीचं काम बघणाऱ्या केंद्राची) चौकशी करा, पोर्टलवर स्वतःचं नाव नोंदवा आणि सातपूर-अंबडमध्ये दुसरी कंपनी बघा. तोवर बँकेत जाऊन वर्षाला वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा घ्या, अपघाताचं दोन लाखांचं कवच मिळतं. हे काम याच आठवड्यात करा.