पायाचे बोल्ट सरकले. दाव्याची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची?

वाचकाचा प्रश्न: डिचोली औद्योगिक वसाहतीत माझा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. नव्या लोखंडी शेडच्या पायाचे काम मी लेखी कार्यादेश देऊन एका ठेकेदाराकडे सोपवले. मार्चमध्ये काँक्रीट ओतले. पावसाळा सरल्यावर शेड पुरवणारी कंपनी खांब घेऊन आली, तेव्हा सोळापैकी पाच पेडेस्टलांवरचे (पायाच्या काँक्रीटच्या चौथऱ्यांवरचे) फाउंडेशन बोल्ट खांबाच्या तळाशी असलेल्या बेस प्लेटच्या भोकांत बसेनात. पुढचा भाग कसाबसा उभा राहिला, मागच्या भागाचे खांब अजून जमिनीवर पडून आहेत. ठेकेदार आजवर ‘करून देतो’ म्हणत राहिला आणि आता ‘कंपनीच्या नकाशातच चूक होती’ असे सांगतो. नुकसान सुमारे नऊ लाखांचे आहे. काँक्रीट ओतून दोन वर्षे आठ महिने झाले. गोव्यात पोर्तुगीज कायद्यामुळे दाव्याला वीस-तीस वर्षे मिळतात, असे एका परिचितांनी सांगितले. त्याचे शेवटचे बिल मी रोखून ठेवले आहे. तो दावा लावील तेव्हा माझे म्हणणे मांडले तर चालणार नाही का? तोवर भोके गॅसने कापून मोठी करून खांब उभे करावेत का?

उत्तर: कोणता बोल्ट किती मिलिमीटर सरकला याचा तक्ता आपण पत्रासोबत जोडला आहे, पण ठेकेदाराला लेखी कधी कळवले याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही. बांधकामाच्या तक्रारींच्या बहुतेक पत्रांत हीच गोष्ट राहून गेलेली असते आणि बहुतेक प्रकरणांचा निकाल याच गोष्टीवर लागतो. चूक कोणाची, नुकसान किती, नकाशा बरोबर होता की नाही, हे सगळे प्रश्न दावा मुदतीत लागला तरच विचारात घेतले जातील. आपल्या हातात चार महिने उरले आहेत, आणि तेही पूर्ण वापरता येतील असे समजू नये.

करारभंगाच्या नुकसानभरपाईसाठी मुदतीच्या कायद्याच्या परिशिष्टातील अनुच्छेद 55 लागू होतो. मुदत तीन वर्षांची आहे आणि ती करार मोडला गेल्यापासून मोजली जाते. करार मोडल्याचे आपल्या लक्षात आले त्या दिवसापासून नव्हे. खांब आले त्या नोव्हेंबरपासून आपण मोजत असाल, तर ती मोजणी धोक्याची आहे. कार्यादेशातील ज्या कलमाची प्रत आपण पाठवली, त्यात ‘फाउंडेशन बोल्ट टेम्पलेटने मध्यरेषेवर व उंचीवर धरून ठेवण्याची आणि काँक्रीट घट्ट होईपर्यंत न हलू देण्याची जबाबदारी ठेकेदाराची राहील’ असे स्पष्ट लिहिले आहे. (टेम्पलेट म्हणजे बोल्ट ठरल्या जागी धरून ठेवणारी भोकांची प्लेट.) या शब्दांप्रमाणे करार मोडला तो काँक्रीट ओतले त्या दिवशी, किंवा फार तर दुसऱ्या दिवशी. काम ताब्यात मिळाले त्या तारखेपासून मोजावे, असा युक्तिवाद एखादा वकील करील आणि तो अगदीच निराधार नाही. परंतु ज्या तारखेबद्दल युक्तिवाद करावा लागतो तिच्यावर नऊ लाखांचा दावा कोणी टांगून ठेवू नये. येत्या मार्चमधील तीच तारीख आपली शेवटची तारीख, असे धरूनच पुढचे सगळे ठरवा.

उशीर माफ करून घेता येईल, या भरवशावरही राहू नका. तशी माफी देणारे कलम 5 अपिलांना आणि अर्जांना लागू होते, मूळ दाव्याला लागू होत नाही. शिवाय कलम 3 प्रमाणे मुदतीचा मुद्दा प्रतिवादीने काढला नाही, तरी न्यायालयाला तो स्वतःहून पाहावा लागतो. शेवटचा दिवस सुट्टीत आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो, एवढीच काय ती सवलत आहे.

पोर्तुगीज कायद्याविषयी आपल्या परिचितांनी सांगितलेले पूर्वी काही अंशी खरे होते. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा वारसा आणि पतिपत्नीच्या मालमत्तेच्या बाबतीत गोव्यात आजही चालतो आणि मुदतीविषयीच्या त्यातील तरतुदीही येथे बराच काळ मानल्या जात होत्या. मात्र सिंडिकेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली हा वाद मिटवला. करारावर आधारलेल्या दाव्यांना गोव्यातही 1963 चा मुदतीचा कायदाच लागू आहे. तो निकाल येऊन इतकी वर्षे झाली, तरी वीस-तीस वर्षांची ही समजूत लोकांच्या तोंडी तशीच आहे आणि तिच्यामुळे चांगले दावे बुडतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता ‘करून देतो’ या आश्वासनाकडे वळू. मुदत संपण्यापूर्वी ज्याच्यावर दायित्व आहे त्याने ते लेखी आणि सहीनिशी मान्य केले, तर कलम 18 प्रमाणे त्या तारखेपासून नवी मुदत सुरू होते. फोनवरच्या किंवा साइटवर चहा घेताना दिलेल्या कबुलीने काहीही सुरू होत नाही. आपल्याकडे त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक संदेश आहे: ‘बोल्ट माझ्याकडून हलले, चवथीनंतर माणसे पाठवतो.’ पुरावा म्हणून तो मोलाचा आहे. परंतु कलम 18 ला हवी असलेली सहीची कबुली म्हणून तो चालेल का, आणि भरपाईची रक्कम ठरलेली नसताना ती कबुली किती उपयोगी पडेल, याबद्दल मी खात्री देणार नाही. कार्यादेशात दोषदुरुस्तीचेही एक कलम आहे: काम ताब्यात दिल्यापासून बारा महिन्यांत ‘लेखी कळवल्यास’ ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची. त्या बारा महिन्यांत आपण दोन ओळींचे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवले असते आणि त्याने दुरुस्ती नाकारली असती, तर तो नकार वेगळा करारभंग ठरला असता आणि मुदतही बरीच पुढची मिळाली असती. आपण फोन करत राहिलात. हे कठोरपणे लिहितो आहे, कारण शेवटच्या चार महिन्यांतही आपण फोनच करत राहाल अशी भीती मला आपले पत्र वाचून वाटते.

वकिलामार्फत नोटीस पाठवली की मुदत थांबते, हाही गैरसमज आहे. नोटीस जरूर पाठवा, पण घड्याळ तिने थांबत नाही. आपला वाद कारखान्याच्या बांधकामाच्या कराराचा आहे आणि रक्कम तीन लाखांच्या वर आहे. त्यामुळे तो बहुधा 2015 च्या व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्याखाली येईल. त्या कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे, तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर दावा लावण्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशन प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ही पायरी गाळून आणलेला दावा नाकारला जाईल. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात कागद घेऊन वकिलाकडे जाणाऱ्याला दावा लावताच येत नाही, अशी वेळ येऊ शकते. उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विहित नमुन्यात अर्ज करा. शुल्क एक हजार रुपये आहे. मध्यस्थी तीन महिन्यांत संपवायची असते, दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने मिळतात, आणि त्यात गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. ठेकेदार नोटीस घेऊनही फिरकलाच नाही, तर नेमके किती दिवस वगळायचे यावर पुढे वाद होऊ शकतो; म्हणून हा अर्ज याच महिन्यात व्हायला हवा.

बिल रोखून ठेवून त्याच्या दाव्याची वाट पाहण्याचा विचार मला सर्वांत घातक वाटतो. प्रतिदावा, म्हणजे त्याच्या दाव्यात आपण उलट मांडलेला दावा, ज्या दिवशी न्यायालयात दाखल होतो त्याच दिवशी लावला असे धरले जाते. ठेकेदाराच्या दाव्याच्या तारखेचा त्याला उपयोग होत नाही. केलेल्या कामाच्या पैशासाठी त्यालाही तीनच वर्षे आहेत, पण बिल देण्याची तारीख ठरलेली नसेल तर ती काम झाल्यापासून मोजली जातात. पेडेस्टलांनंतर प्लिंथ बीम आणि जमिनीचे काम मे महिन्यापर्यंत चालू होते, असे आपणच लिहिले आहे. म्हणजे त्याची मुदत आपल्यानंतर संपते. एखाद्या जाणत्या वकिलाकडे तो गेला, तर आपला मार्च उलटू देऊन एप्रिलमध्ये दावा लावील. त्याच्या बिलातून कामातील दोषापुरती वजावट मागण्याचा बचाव तेव्हाही कदाचित करता येईल, परंतु बिलापेक्षा जास्तीची एक पैचीही वसुली होणार नाही.

चूक कोणाची, हे बोल्टच सांगतात. प्रत्येक पेडेस्टलवर चार बोल्ट आहेत. चौघांतील आपापसातले अंतर नकाशाप्रमाणे आहे आणि सगळा संच एका बाजूला गेला आहे, असे असेल तर टेम्पलेट होते, पण ते शटरिंगला पक्के आवळले नव्हते किंवा शटरिंगच सरकले. चौघांतील अंतरच बिघडले असेल, तर टेम्पलेट लावलेच नव्हते किंवा काँक्रीट ओले असतानाच काढले. आणि नकाशा चुकीचा असता, तर त्या नकाशावरून बसवलेल्या सारख्याच सगळ्या पेडेस्टलांवर सारखीच चूक दिसली असती. अकरा बरोबर आणि पाच वेडीवाकडी असे घडले नसते. आपल्या तक्त्यात पाचपैकी चार ठिकाणी बोल्टांतील आपापसातले अंतर बिघडलेले आहे, आणि सातव्या पेडेस्टलवरचे चारही बोल्ट एकाच दिशेने कललेले आहेत. ओतण्याच्या सकाळी आपल्या मुलाने काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. बोल्ट उभ्या सळ्यांना बाइंडिंग तारेने बांधलेले आहेत, वर पट्टी नाही की प्लेट नाही, आणि आट्यांना ना ग्रीस आहे ना टेप. तारेने बांधलेला बोल्ट एका बाजूने येणाऱ्या काँक्रीटचा रेटा आणि व्हायब्रेटरचा हादरा सोसू शकत नाही, हे कोणताही जुना फिटर सांगेल. म्हणूनच खाली-वर नट आवळून टेम्पलेट प्लेट लावतात, ती शटरिंगला घट्ट बांधतात आणि ओतून झाल्यावर काँक्रीट मऊ असतानाच पुन्हा दोरी लावून तपासतात. तेव्हा पाच मिनिटांत सरळ होणारा बोल्ट दुसऱ्या दिवशी ड्रिलशिवाय हलत नाही. कार्यादेशात टेम्पलेट हा शब्द आहे आणि फोटोत टेम्पलेट नाही. आपल्या बाजूने याहून बलवान गोष्ट नाही.

तो फोटो ज्या फोनने काढला तो फोन विकू नका आणि त्यातली फाइल पुसू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खाली प्रमाणपत्र द्यावे लागेल. ते फोनधारक म्हणून आपल्या मुलाला आणि सोबत तज्ज्ञाला द्यावे लागेल.

ठेकेदार म्हणेल, ‘तुमचे इंजिनियर तिथे उभे होते, त्यांनीच घाला म्हटले.’ ओतण्यापूर्वी आपल्या अभियंत्याची लेखी मान्यता घेण्याचे बंधन कार्यादेशात त्याच्यावर आहे, आणि अशी मान्यता त्याच्याकडे नसल्याचे आपण म्हणता. तसे असेल तर हा बचाव फार दूर जाणार नाही. पण अभियंत्याने कुठल्याही कागदावर सही केली आहे का, हे त्यांना आजच विचारा. तसा कागद निघाला, तर थोड्या दोषाचा वाटा आपल्याकडे येऊ शकतो.

भोके कापण्याबद्दल: आपले नुकसान वाढू न देण्यासाठी वाजवी उपाय करणे करार कायद्याच्या कलम 73 ला अपेक्षित आहे. दोन वर्षे खांब गंजत पडू दिले, याचा हिशेब न्यायालय विचारील आणि लांबलेल्या कामाची जी रक्कम आपण धरली आहे तिला बहुधा कात्री लागेल. त्यामुळे दुरुस्ती कराच, पण मोजमापाआधी नको. गॅसने एकदा भोक कापले की बोल्ट मुळात कुठे होता याचा पुरावा गेला. ठेकेदार आणि शेड कंपनी, दोघांना तारीख व वेळ लेखी कळवा आणि आपल्या कामाशी संबंध नसलेल्या स्थापत्य अभियंत्याकडून टोटल स्टेशनने (जागेची अचूक मापे घेणाऱ्या उपकरणाने) सोळाही पेडेस्टले मोजून घ्या. कोणी आले नाही, तरी मोजणी करून अहवालावर सही घ्या. न्यायालयामार्फत आयुक्त नेमून पाहणी करता येते, परंतु त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत दुसरा पावसाळा येईल. आपल्या न्यायालयांचा हा संथपणा पक्षकाराच्या मुळावर येतो आणि त्यावर वकिलाकडेही औषध नाही. दुरुस्तीची पद्धत अभियंत्यानेच लिहून द्यावी. बोल्ट तापवून वाकवायचा आणि प्लेट वाटेल तशी कापायची, ही साइटवरची रीत शेडच्या जिवावर बेतू शकते. त्या जागी नवे केमिकल अँकर (काँक्रीटमध्ये भोक पाडून रसायनाने चिकटवलेले बोल्ट) घालायचे की वर जाड वॉशर प्लेट वेल्ड करायची, हे भार पाहून ठरते. त्याचा खर्च बिलांसह जपून ठेवा. तो वसूल होण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

ग्राहक आयोगाचा मार्ग मी सुचवणार नाही. कारखान्याचे काम व्यावसायिक ठरण्याची शक्यता मोठी आहे आणि तेथील दोन वर्षांची मुदत बहुधा उलटली आहे.

मध्यस्थीत ठेकेदार तडजोडीला तयार होईल, असे मला वाटते, कारण तो फोटो त्यालाही दिसेल. तेथे सहीनिशी झालेल्या समझोत्याला लवादाच्या निवाड्याचे बळ असते. म्हणून त्यात ‘दुरुस्ती करून देईन’ एवढेच वाक्य मान्य करू नका. कोणत्या पाच पेडेस्टलांवर, कोणत्या व्यासाचे अँकर, किती खोल, कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या तारखेपर्यंत, आणि ती तारीख चुकल्यास किती रुपये, हे सगळे त्या कागदावर आल्याशिवाय सही करू नका. रोखलेल्या बिलातील रक्कम कधी सोडायची, तेही त्यातच लिहून घ्या.