वापरलेल्या तेलासाठी पंप निवडताना

प्रश्न : डिचोली तालुक्यात आमचे टिपर आणि ट्रक दुरुस्तीचे गॅरेज आहे. इंजिनातून काढलेले जळके ऑइल आम्ही २०० लिटरच्या बॅरलांमध्ये साठवतो आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया कंपनीची गाडी येण्यापूर्वी ते हजार लिटरच्या प्लास्टिक टाकीत एकत्र करतो. आजवर हे काम हातपंपाने होत असे. आता विजेवर चालणारा पंप घ्यायचा आहे. दुकानदाराने एक अश्वशक्तीचा पाण्याचा सेंट्रिफ्युगल पंप सुचवला आहे, तर एका मित्राच्या मते डिझेल भरण्याचा छोटा पंप पुरेल. पंप टाकीजवळ बसवणार असून बॅरलांपासून तो सुमारे पाच मीटरवर राहील. कोणता पंप घ्यावा? – एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्याला सुचवलेल्या दोन पंपांपैकी एकही घेऊ नये, आणि पंप टाकीजवळ बसवण्याचा विचारही सोडून द्यावा, असे आधीच स्पष्ट सांगतो. दोन्हींचे कारण एकच आहे, ते म्हणजे तेलाचा घट्टपणा.

पाण्याची श्यानता, म्हणजे घट्टपणाचे माप, साधारण एक सेंटीस्टोक असते आणि डिझेलची दोन ते साडेचार. ट्रकमध्ये वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० तेल ४० अंश सेल्सिअसला शंभर-एकशेदहा सेंटीस्टोकच्या आसपास असते, आणि पावसाळी सकाळी पारा २५ अंशांवर असतो तेव्हा ते अडीचशेच्या घरात जाते. सेंट्रिफ्युगल पंपाचा पंखा पाण्यासारख्या पातळ द्रवासाठी घडवलेला असतो. घट्ट तेलात त्याची कार्यक्षमता झपाट्याने घसरते, आणि वर चढवायचे तेल स्वतः खेचून घेण्याची क्षमता साध्या सेंट्रिफ्युगल पंपात मुळात नसते. शिवाय त्याच्या वेगवान पंख्यामुळे तेलात असलेले थोडेफार पाणी इतके बारीक घुसळले जाते की नंतर ते तळाशी बसायला फार वेळ लागतो, आणि पाणी मिसळलेल्या तेलाला पुढे किंमत मिळत नाही. डिझेलच्या पंपात बहुधा सरकत्या पात्या असतात. घट्ट तेल आले की त्याचा अंतर्गत बायपास उघडतो, तेल आतल्या आत फिरते, मोटर तापते, आणि इंजिनातून आलेले धातूचे कण पात्यांवर ओरखडे काढतात.

आता अंतराकडे येऊ, कारण खरेदीतल्या बहुतेक चुका इथे होतात. सक्शनच्या, म्हणजे तेल आत ओढण्याच्या, बाजूला पंप फक्त आपल्या तोंडाशी दाब कमी करू शकतो. तेलाला आत ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब, आणि तो जेमतेम एक बार आहे. अडीचशे सेंटीस्टोकचे तेल मिनिटाला ४० लिटर या वेगाने एक इंची, म्हणजे आतून २५ मिलिमीटर व्यासाच्या, पाच मीटर लांब पाइपातून न्यायचे तर नुसत्या घर्षणातच पाऊण बारहून अधिक दाब खर्च होतो. त्यात तेल दीड मीटर वर उचलण्याचा दाब मिळवला की हवेचा दाब जवळजवळ संपतो आणि पंप कितीही अश्वशक्तीचा असला तरी तो कोरडा ओरडत राहतो. दीड इंची पाइप घेतला तर हेच नुकसान ०.१५ बारवर येते आणि दोन इंचीत ०.०५ बारवर, कारण अशा संथ प्रवाहात दाबाचे नुकसान व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. याउलट तोच एक इंची पाच मीटरचा पाइप पंपाच्या पुढच्या बाजूला जोडला तर पाऊण बारचे नुकसान काहीच नाही. चार बार दाब देणारा कोणताही गिअर पंप, म्हणजे दातेरी चाकांनी तेल ढकलणारा पंप, ते सहज सोसतो. म्हणून पंप बॅरलांच्या शेजारी, शक्य तितका खाली, छोट्या चाकगाड्यावर ठेवावा, सक्शनचा पाइप दीड-दोन इंची आणि दीड-दोन मीटरचाच ठेवावा, तो दाब कमी झाल्यावर चपटा होऊ नये म्हणून आत तारेचे वेटोळे असलेला घ्यावा, आणि लांबचे अंतर दाबाच्या बाजूने पार करावे.

पंपाचा प्रकार ठरवताना आपल्या तेलात काय काय येते याचा प्रामाणिक विचार करावा. खाणपट्ट्यातल्या टिपरांच्या कामात ऑइल काढण्याच्या ट्रेमध्ये माती, लाल धूळ, नट-वॉशर, कापसाचे धागे हे सगळे पडते. आपल्या गॅरेजमध्ये टायर आणि एअर ब्रेकच्या कामासाठी कॉम्प्रेसर असणारच. तसे असेल तर माझी पहिली पसंती हवेवर चालणाऱ्या डबल डायफ्राम पंपाला, म्हणजे दोन लवचिक पडद्यांनी तेल ढकलणाऱ्या पंपाला आहे. एक इंची पंप आपल्याला पुरेल. तो बारीक खडे व गाळ गिळतो, काही वेळ कोरडा चालला तरी बिघडत नाही, तेल स्वतः खेचतो, आणि पुढचा व्हॉल्व्ह चुकून बंद राहिला तर पाइप न फोडता आपोआप थांबतो. पूर्ण वेगाने चालवल्यास गॅरेजचा छोटा कॉम्प्रेसर कमी पडेल. पण घट्ट तेलासाठी पंप तसाही निम्म्या वेगानेच चालवायचा असतो. आपल्याकडच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी लवकर साचते, ते रोज सोडावे. डायफ्राम नायट्राइलचा किंवा टेफ्लॉनचा मागावा. ईपीडीएम रबर खनिज तेलात फुगते, म्हणून ते डायफ्राम, सील किंवा पाइप कशातही नको.

विजेचाच पंप हवा असेल तर एक्स्टर्नल प्रकारचा गिअर पंप घ्यावा, बीडाच्या शरीराचा, मिनिटाला ४० ते ५० लिटरचा. मिनिटाला ५० लिटर आणि चार बार यांसाठी सैद्धांतिक शक्ती ०.३३ किलोवॅट लागते; कार्यक्षमता पन्नास टक्के धरली तर ०.६७, म्हणजे एक अश्वशक्तीची मोटर बरोबर बसते. मोटर मिनिटाला १४४० फेऱ्यांऐवजी ९६० फेऱ्यांची घेतल्यास आवाज, झीज आणि सक्शनचा त्रास तिन्ही कमी होतात. गिअर पंपाला रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब फार वाढला की उघडणारा व्हॉल्व्ह, असलाच पाहिजे, कारण हा पंप प्रत्येक फेरीला ठरावीक तेल पुढे ढकलतोच, आणि वाट बंद असली तर काहीतरी फुटते. पंपातच बसवलेला व्हॉल्व्ह थोड्या वेळापुरता असतो. तो सतत उघडा राहिला तर तेच तेल फिरून तापते. सक्शनवर एक-दीड मिलिमीटर छिद्रांची जाळी बसवावी, आणि जाळीच्या छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ पाइपाच्या छेदाच्या किमान तीन-चार पट असावे. बारीक फिल्टर इथे बसवू नये. तो सक्शन गुदमरवतो.

सुटे भाग धुतलेले पेट्रोल त्याच बॅरलात ओतण्याची सवय काही गॅरेजमध्ये असते. ताज्या इंजिन तेलाचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, २०० अंशांच्या वर असतो, पण थोडे पेट्रोल मिसळले की तो धोकादायक रीतीने खाली येतो आणि साधी मोटर किंवा उघडा स्विच ठिणगी देऊ शकतो. पेट्रोल वेगळे ठेवावे आणि पंप, बॅरल व टाकीची लोखंडी चौकट एकमेकांना तारेने जोडून अर्थिंग करावे.

पावसाळ्यापूर्वी बॅरल छताखाली न्यावीत. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या बॅरलच्या झाकणावर पाणी साचते आणि बॅरल रात्री थंड होताना बुचाच्या आट्यांतून ते आत ओढले जाते. तेल हलवण्यापूर्वी एक-दोन दिवस बॅरल स्थिर ठेवावे आणि सक्शनचे टोक तळापासून पाच-सात सेंटीमीटर वर धरावे; तळाचे पाणी वेगळे काढावे, मात्र तेही तेलकट असल्याने गटारात सोडू नये. टाकीभोवती तिच्या क्षमतेच्या ११० टक्के तेल सामावेल असा कठडा बांधावा. आत अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि २५ सेंटीमीटर उंच कठड्यात साडेबाराशे लिटर मावतात. आपल्या भागातील चिऱ्याची जमीन सच्छिद्र आहे. सांडलेल्या तेलाला शेजारच्या विहिरीपर्यंत जाताना अडवणारे फारसे काही नसते, म्हणून हे काम पुढे ढकलू नये ही माझी कळकळीची विनंती आहे.

धोकादायक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार असे तेल सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही, आणि देताना मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कोणी कोणाला दिला याची नोंद करणारा फॉर्म, भरावा लागतो. पंपाची क्षमता ठरवताना ही मुदत लक्षात घ्यावी. आपल्याला तीन महिन्यांतून काही वेळा हजार लिटर हलवायचे आहेत. मिनिटाला ४० लिटरने ते पंचवीस मिनिटांत होतात. याहून मोठ्या पंपावर खर्च करण्याचे कारण नाही.

प्रश्न : वास्कोजवळच्या आमच्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डात वापरलेल्या तेलासाठी गिअर पंप आहे. सकाळी तो खडखडतो आणि तेल कमी येते; दुपारी आपोआप सुधारतो. पंप बदलावा का? – एक वाचक, वास्को

उत्तर : लगेच बदलू नये. सकाळी तेल घट्ट असते, दुपारी पातळ होते, आणि लक्षणे त्याच्याबरोबर बदलतात, त्यामुळे संशय सक्शनच्या बाजूवर आहे. पंपाच्या तोंडाशी व्हॅक्युम गेज बसवावा. पंप चालू असताना तो पाऱ्याच्या ३८० मिलिमीटरच्या, म्हणजे अर्ध्या बारच्या वर गेला तर जाळी तुंबली आहे, पाइप अरुंद आहे किंवा फार लांब आहे. काटा खालीच राहिला आणि तरीही आवाज व फेस येत असेल, तर कुठल्या तरी जोडातून किंवा शाफ्टच्या सीलमधून हवा आत शिरते आहे. जोडांवर थोडे स्वच्छ तेल सोडून पाहावे, ज्या जोडावर सोडताच आवाज बदलतो तो दोषी. बार्जच्या बिल्जमधले, म्हणजे तळाशी साचलेले, तेल-पाणी मात्र इंजिनाच्या तेलात मिसळू नये. त्यात खारे पाणी असते, पंपाचे भाग गंजतात, आणि इंजिनातले चांगले तेलही पुनर्प्रक्रियेला नाकारले जाऊ शकते.

प्रश्न : कळंगुटला आमचे उपाहारगृह आहे. तळणीचे उरलेले तेल बायोडिझेलसाठी देतो. गॅरेजमधला जुना पंप वापरला तर चालेल का? – एक वाचक, कळंगुट

उत्तर : नाही. पंपाच्या पोकळीत आणि पाइपात राहिलेले इंजिन तेल तळणीच्या तेलात मिसळले की ते बायोडिझेलच्या कामाचे राहत नाही. स्वतंत्र छोटा डायफ्राम पंप किंवा बॅरलचा हातपंपही पुरेसा आहे. तेल पूर्ण थंड होऊ न देता, हाताला सोसेल इतके कोमट असताना हलवावे. पाम तेल थंडीच्या सकाळी गोठू लागते आणि मग सक्शनमध्ये चढत नाही. आधी पिठाचे कण आणि मसाल्याचा गाळ जाड जाळीतून गाळून घ्यावा, कारण तो व्हॉल्व्हच्या बैठकीवर चिकटतो आणि सुकल्यावर खरवडूनच काढावा लागतो.