स्वादुपिंड बर्फात किती वेळ टिकतं?

प्रश्न : दात्याचं मूत्रपिंड 24 तासांनीही बसवता येतं, असं वाचलं. मग स्वादुपिंडासाठी एवढी धावपळ का? बर्फात ते गोठत नाही का?

उत्तर : गोठू द्यायचंच नसतं. पेशींत बर्फाचे स्फटिक झाले की अवयव वाया गेलाच. म्हणून तो थंड द्रावणात बुडवून, एकावर एक तीन निर्जंतुक पिशव्यांत बांधून मगच बर्फाच्या पेटीत जातो. तापमान 4 अंश सेल्सिअसच्या आसपास. द्रावण बहुधा विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउथर्ड यांनी तयार केलेलं. त्यातलं लॅक्टोबायोनेट आणि रॅफिनोज पेशींना पाण्याने फुगू देत नाही.

खरी गोम आहे ती आतलं रक्त धुऊन काढण्यात. स्वादुपिंडातून रक्त मुळात कमी वाहतं. द्रावण जास्त किंवा जोरात सोडलं की ते सुजतं, आणि पुढे शिरेत गुठळी होण्याची भीती वाढते. प्रत्यारोपित स्वादुपिंड सुरुवातीलाच गमावण्याचं मोठं कारण हीच गुठळी. त्यात हा पाचकरस बनवणारा अवयव. चुरगळला, तर स्वतःलाच पचवू लागतो. म्हणून शस्त्रक्रियेत प्लीहा जोडलेली ठेवतात आणि तिलाच धरून तो उचलतात. प्लीहा शेवटी, बर्फावरच्या तयारीत काढतात. त्याच वेळी दात्याच्याच मांडीकडे जाणाऱ्या धमनीचा इंग्रजी 'वाय'सारखा तुकडा जोडून दोन धमन्यांची एक करतात.

हे सगळं धरून 12 तासांच्या आत रक्त सुरू व्हावं, असा प्रयत्न असतो. त्यामुळे अवयव वाटेत असतानाच रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी तयार करतात.