दंतवैद्यकाच्या सरावासाठी मेणात वरच्या जबड्याचा पुढचा मधला दात कोरताना
मापं आधी पाठ कर: मुकुट (दाताचा हिरडीबाहेर दिसणारा भाग) 10.5 मिमी उंच, 8.5 मिमी रुंद, मूळ 13 मिमी. घाईत चावण्याच्या कडेचे दोन्ही कोपरे सारखेच गोल झाले की दात उजवा की डावा हेच कळत नाही. म्हणून मधल्या रेषेकडचा (शेजारच्या मधल्या दाताच्या बाजूचा) कोपरा जवळजवळ काटकोनी, बाहेरचा गोलसर ठेव. मुकुट-मुळाच्या सांध्याची रेषा बाजूने बघ: मधल्या रेषेकडे ती चावण्याच्या कडेच्या दिशेने 3.5 मिमी वर चढते, बाहेरच्या बाजूला 2.5 मिमीच. जिभेकडचा उंचवटा मधोमध नको, किंचित बाहेरच्या अंगाला हवा. इथेच बहुतेकांचं चुकतं. धुळ्या-जळगावच्या मे महिन्यात मेण हातातच मऊ पडतं, कडा दबतात. ठोकळा माठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडव, पुसून घे आणि मगच पातळ थर खरवड.